मधलं ‘टू’

४ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. आधी खुशाली. मी बरी आहे, आई बरी आहे. तिचे गुडघे मात्र तिचं ऐकत नाहीत आणि ती माझं ऐकत नाही.

परवा फोनवर मी ‘परीक्षा’ म्हणाले आणि तू म्हणालीस, ‘रिक्षा कशाला? पायी जा, तब्येतीला चांगलं.’ तेव्हाच ठरवलं, यापुढे जे काय असेल ते कागदावर. तुझे कान थकले असतील, चष्मा अजून मजबूत आहे.

तर परीक्षा. अकरा वर्षं मी या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आहे. चादरी धुतल्या, वाळवल्या, रोलरच्या मशीनमधून इस्त्री करून काढल्या. सुपरवायझरची जागा रिकामी होतेय. एप्रिलमध्ये लेखी परीक्षा आहे, अर्धा पेपर इंग्रजी. अर्ज भरला तेव्हा इन्चार्जसाहेब हसले नाहीत, एवढ्यावरच मला अर्धी पास झाल्यासारखं वाटलं. चाळिसाव्या वर्षी दप्तर काढलंय, आत्या. आता माघार नाही.

सोबत चार पानं सराव पाठवतेय, तपास. ‘टू गो, टू सी’ अशी टू लावलेल्या क्रियापदांची यादी आली की माझी गाडी रुळावरून घसरते. कुठे टू लावायचं, कुठे गाळायचं, कळत नाही.

आणि एक गंमत. लॉन्ड्रीत आता चार भाषा बोलणारी माणसं आहेत. नवीन बाई आलीय, तिला आमच्यातली एकही भाषा येत नाही, म्हणून सगळे तिला अबोली म्हणतात. मोडकंतोडकं इंग्रजी तेवढं सगळ्यांना समजतं. म्हणून साहेबांनी मला रोलरशेजारी लावायची सूचना इंग्रजीत लिहायला सांगितली. मला! मी लिहिलं:

‘वर्कर्स आर नॉट टू पुल द शीट, प्रेस द रेड बटन अँड टू कॉल द मेकॅनिक.’

म्हणजे, चादर अडकली तर ओढू नका, लाल बटण दाबा आणि मेकॅनिकला बोलवा. मधलं टू गाळलंय, कारण पाटी लहान आहे, आणि दोन अक्षरांनी काय बिघडतं? पेंटर पंधरा तारखेला येणार आहे. बरोबर आहे का ते लगेच कळव.

तुझी,
मुंगी

११ फेब्रुवारी

मुंगे,

पत्र मिळालं. तुझं अक्षर सुधारलंय. वहिनीला सांग, गुडघ्यांवर दया कर आणि जिने कमी चढ.

सराव तपासला. यादीचा नियम एकदाच सांगते, डोक्यात कोरून ठेव. यादीतली क्रियापदं सारख्या आसनावर बसवायची. एकाला खुर्ची, दुसऱ्याला पाट, तिसरा उभा, असं चालत नाही. आपल्या भाषेत तू म्हणशील का, ‘तिला पोहायला, धावणं आणि सायकल चालवण्याची आवडतं’? कानाला खटकतं ना? इंग्रजीतही तेच. टू एकदाच लावायचं असेल तर फक्त पहिल्याला लाव. ते सगळ्यांना पुरतं. नाहीतर प्रत्येकाला लाव. अधेमधे सांडायचं नाही.

दुसऱ्या पानावरची सहा वाक्यं परत लिही. तिसऱ्या पानावर तू ‘टू वॉशिंग’ लिहिलंयस, ते मी पाहिलंच नाही असं समजते.

पाटीचं वाक्य वाचलं. छान जमलंय. साहेबांनी तुलाच सांगितलं यातच सगळं आलं. अशीच लिहीत राहा.

तुझी आत्या

९ मार्च

आत्या,

उत्तराला उशीर झाला. सराव पाठवत नाही यावेळी.

लॉन्ड्रीत अपघात झाला. सोमवारी सकाळी, पाळी सुरू होऊन तासही झाला नव्हता. अबोली रोलरवर होती. चादर अडकली, तिची बाही चादरीबरोबर आत गेली आणि उजवा हात रोलरमध्ये सापडला. मी घड्या घालण्याच्या टेबलावर होते. ओरडणं ऐकून पळत गेले आणि बटण दाबलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तळवा भाजलाय. दोन बोटं काढावी लागली.

हॉस्पिटलमध्येच काम करत असल्यामुळे निदान उपचार लगेच झाले, असं सगळे म्हणतात. काय बोलावं ते सुचलं नाही की माणसं असलं काहीतरी बोलतात.

चौकशी लागलीय. साहेब म्हणतात, तिने लाल बटण दाबलं नाही, म्हणजे निष्काळजीपणा. तसं ठरलं तर तिला काढून टाकतील.

तू काळजी करू नकोस. मी ठीक आहे.

एक शंका, नुसती अभ्यासातली. वाक्यात सुरुवातीला एकदाच ‘नॉट’ लिहिलं, तर ते कितव्या क्रियापदापर्यंत पोचतं?

मुंगी

१५ मार्च

मुंगे,

‘नुसती अभ्यासातली’ शंका वाचली आणि हातातला कप खाली ठेवला. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात मी. कोणती शंका अभ्यासातली आणि कोणती पोटातली, ते मला कळतं. तू मला वाचवायला बघतेयस. नको.

आधी तुझ्या शंकेचं उत्तर. सुरुवातीचं नॉट एखाद्या छत्रीसारखं पुढच्या सगळ्या यादीवर पसरतं. तुझ्या वाक्यात ‘पुल’ आणि ‘प्रेस’ दोघांना मिळून एकच टू आहे, म्हणून ती दोन्ही क्रियापदं नॉटखाली गेली. तिसऱ्याला तू स्वतंत्र टू दिलंस, म्हणून ते एकटंच छत्रीबाहेर पडलं. सरळ अर्थ असा होतो: चादर ओढायची नाही, लाल बटण दाबायचं नाही, आणि मेकॅनिकला बोलवायचं. मधलं टू ठेवलं असतंस तरी गोंधळ पुरता गेला नसता. करू नका आणि करा, यांची दोन वेगळी वाक्यंच हवी होती.

आता जे लिहिणार आहे ते लिहिताना पेन जड झालंय. मला हे फेब्रुवारीतच दिसलं होतं. तुझं वाक्य वाचलं आणि लाल पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं.

तुला आठवतं का, दहावीच्या सहामाहीत तुझ्या पेपरवर मी किती लाल शाई ओतली होती ते? वर्गात सगळ्यांसमोर तो पेपर मी तुझ्या हातात दिला. पंधरा दिवसांत तू शाळा सोडलीस. मी दादाला कधी विचारलं नाही, तुलाही नाही. काय विचारणार? मी मनात धरून बसले की ते माझ्यामुळे झालं. म्हणून यावेळी ठरवलं होतं, पोरीने एवढ्या वर्षांनी वही उघडलीय, तिला नाउमेद करायचं नाही. ‘छान जमलंय’ लिहून मोकळी झाले.

ती पाटी यंत्राशेजारी लागणार होती, हे तू स्वच्छ लिहिलं होतंस. माझ्या डोळ्यांपुढे यंत्र आलंच नाही, फक्त तू आलीस. ही काही सबब नाही, जे झालं ते सांगतेय.

एक काम कर. त्या बाईला जाऊन भेट आणि तिने पाटीवर काय वाचलं ते तिलाच विचार. तुम्ही सगळे तिच्याबद्दल बोलताय. तिला कोणी विचारलंय का?

आत्या

२३ मार्च

आत्या,

तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले की आईने विचारलं, ‘कोणाचं पत्र? सरकारचं?’

तुला दिसलं होतं आणि तू गप्प बसलीस! मी ‘लगेच कळव’ असं लिहिलं होतं, ते कौतुक हवं म्हणून नाही. मला कोणीतरी ‘थांब’ म्हणायला हवं होतं.

आणि ऐक. मी शाळा तुझ्यामुळे सोडली नाही. बाबांच्या पाठीचं दुखणं तेव्हाच सुरू झालं, त्यांचं काम सुटलं, आणि मी शिवणाच्या कारखान्यात बटणं लावायला लागले. बाबांनी सक्त सांगितलं होतं, आत्याला कळू द्यायचं नाही, ती स्वतःचं ठरलेलं लग्न मोडून आपल्याला पोसायला येईल. तुझा तो लाल पेपर मी कित्येक वर्षं जपून ठेवला होता. त्या शाळेत माझं पान न पान वाचणारी तू एकटी होतीस. चोवीस वर्षं तू चुकीचा अर्थ लावत बसलीस, आणि त्याची किंमत तिसऱ्याच बाईच्या हाताने मोजली.

हे लिहून टाकलं. आता राग थोडा उतरलाय. पुढचं सांगते.

मी गेले अबोलीकडे. वॉर्डात कोपऱ्यातली खाट. तिची मुलगी शेजारी बसली होती, बारा-तेरा वर्षांची, शाळेत आपली भाषा शिकलेली. मी तिला म्हटलं, ‘आईला विचार, चादर अडकली तेव्हा तिने काय केलं?’

दोघी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलल्या. मग मुलगी म्हणाली, ‘आई म्हणते, तिने पाटीत सांगितलं तेच केलं.’

‘म्हणजे काय?’

‘चादर ओढली नाही. बटणाला हात लावला नाही. मेकॅनिकला हाका मारल्या. तो लांब होता, म्हणून तिने हात हलवला. तेव्हाच बाही अडकली.’

‘बटण का नाही दाबलं?’

अबोलीला प्रश्न कळला असावा. ती उठून बसली. उशीखालून तिने शब्दार्थांची एक फाटकी वही काढली. पाटी लागली त्याच दिवशी तिने ती त्यात उतरवून घेतली होती, आत्या, आणि प्रत्येक शब्दाखाली तिच्या भाषेतला अर्थ. ‘नॉट’च्या खालून एक रेघ काढली होती, ती थेट ‘बटन’पर्यंत. तिथे थांबली होती. दुसऱ्या टूपासून नवी रेघ.

मुलगी म्हणाली, ‘आई म्हणते, तिला तेव्हाही विचित्रच वाटलं होतं. पण लाल रंग म्हणजे हात लावू नका असंही असतं. आणि लिहिणारीला जास्त कळत असेल.’

तिने बरोबर वाचलं होतं. त्या अख्ख्या लॉन्ड्रीत माझं वाक्य नीट वाचणारी ती एकटी. बाकी आम्हाला बटण तोंडपाठ होतं, पाटीकडे बघतो कोण?

मी ‘सॉरी’ म्हटलं. तो शब्द इतका हलका वाटला की तोंडातून बाहेर पडून कुठे गेला तेही कळलं नाही. पाटी मी लिहिली, हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. धीर झाला नाही. लपवत नाही तुझ्यापासून.

काल साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, ‘चौकशीत तुला विचारतील. पाटी होती, स्पष्ट होती, एवढंच सांग. लिहिली कोणी हा विषयच नको. तू परीक्षेला बसणार आहेस ना? जागा तुझीच धरून चाल.’ आवाजात साखर घोळवली होती.

मी ‘बघते’ म्हणाले आणि बाहेर आले. बघण्यासारखं काही नाही. दोन एप्रिलला चौकशी आहे. पाटी मी लिहिली आणि ती चुकीची होती, असं सांगणार आहे. फक्त सांगून भागणार नाही, पटवून द्यावं लागेल. म्हणून तुझ्याकडून मला लेखी हवंय. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईने सांगावं की त्या वाक्याचा अर्थ काय होतो. आणि तुला दिसलं होतं, तेही त्यात घाल. ते गाळलंस तर मला तो कागद नको.

मुंगी

२८ मार्च

मुंगे,

कागद सोबत आहे. सही केलीय, पत्ता दिलाय, कधीही बोलवा म्हटलंय. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय: ‘ही चूक माझ्या लक्षात आली होती. मी ती सांगितली नाही.’ पाच वेळा लिहिलं. पहिल्या चार वेळा त्यात ‘वात्सल्यापोटी’ असा शब्द येत होता. पाचव्या वेळी खोडला.

दादाच्या पाठीबद्दल वाचलं. तुझे बाबा तसेच होते, मरेपर्यंत. लग्नाचं म्हणशील तर त्याच सुमारास ते आपोआपच मोडलं, तेव्हा त्यांनी उगीचच लपवलं. आपण घरातले सगळे एकमेकांना न विचारता वाचत आलो. माझ्यासारख्या मास्तरणीला तर हे शोभत नाही. या विषयावर मी तुझ्याशी नंतर बोलेन, म्हणजे लिहीन. आधी चौकशी.

तिथे व्याकरण शिकवायला बसू नकोस. इन्फिनिटिव्ह हा शब्द तोंडातून काढलास तर सगळे जांभया देतील. पाटी त्यांच्यापुढे ठेव आणि वाचायला लाव. जे त्या बाईला करावं लागलं तेच त्यांना करू दे. मग गप्प राहा. वर्गात गप्प राहणं हे सगळ्यात अवघड काम असतं, पण पोरं शिकतात ती त्याच वेळात.

त्या बाईला तू स्वतः सांग. चौकशीच्या आधी. तिथे लोकांच्या तोंडून कळलं तर ती दुसरी जखम होईल.

जागा जाईल, हे तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. लिहीत बसत नाही त्यावर.

आत्या

११ एप्रिल

आत्या,

निकाल लागला. क्रमाने सांगते, नाहीतर तू म्हणशील शेवट आधी सांगून मजा घालवली.

एक तारखेला अबोलीकडे गेले. मुलीला म्हटलं, ‘आईला सांग, पाटी मी लिहिली होती.’ तिने सांगितलं. अबोलीने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बसून राहिले. तिने ‘जा’ म्हटलं असतं तर गेले असते. मग तशीच भिंतीकडे बघत ती मुलीला काहीतरी बोलली.

‘आई विचारते, उद्या तिथे सांगणार का?’

‘सांगणार.’

अबोलीने ती फाटकी वही माझ्या मांडीवर टाकली. अजूनही माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी चौकशी. लांब टेबल, पलीकडे तिघं. मधोमध एक वयस्क डॉक्टरीणबाई, एका बाजूला ऑफिसमधले मोठे बाबू, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या बाजूचे एक गृहस्थ. साहेब खिडकीशी. त्यांनी पाच मिनिटांत सगळं आटोपलं: पाटी होती, बाईने वाचली होती, बटण दाबलं नाही, विषय संपला.

मला विचारलं, ‘तुमचं काही म्हणणं?’

पाटी मी भिंतीवरून उतरवून कापडात गुंडाळून नेली होती. टेबलावर ठेवली. म्हटलं, ‘तुम्ही तिघांनी ही वाचावी आणि सांगावं, लाल बटण दाबायचं की नाही? एकमेकांशी बोलू नका. चिठ्ठीवर लिहा.’

बाबू म्हणाले, ‘ही काय शाळा आहे?’

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला. ‘लिहू या हो. दोन मिनिटांचं काम.’

दोन मिनिटांची सात झाली. बाबूंनी लिहिलं, दाबायचं. कामगारांच्या गृहस्थांनी लिहिलं, दाबायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी आधी ‘दाबायचं’ लिहिलं, मग खोडलं, मग प्रश्नचिन्ह काढलं. आणि तिघंही वादाला लागले! बाबू म्हणत होते, ‘अहो, अर्थ उघड आहे.’ गृहस्थ म्हणत होते, ‘तुम्हाला बटण काय ते माहीत आहे म्हणून उघड आहे.’ मला मध्ये पडायची फार इच्छा झाली. तुझं ऐकलं, जीभ दाताखाली धरली.

शेवटी साहेबच चिडले. ‘बाई, एवढी अक्कल माणसाला असतेच! धोका दिसला की लाल बटण!’

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. ‘अक्कल असतेच, तर पाटी कशाला लावलीत?’

मग त्यांनी विचारलं, ‘लिहिली कोणी ही?’

साहेबांनी माझ्याकडे बघून मान अगदी थोडी हलवली. नाही म्हणून.

‘मी लिहिली,’ मी म्हटलं. ‘नीट येत नसताना लिहिली, आणि तपासायला पाठवल्यावर जे उत्तर आवडलं ते खरं मानलं. तिने वाचली तशीच ती लिहिलेली आहे. ही तिची वही. तिचा दोष असेल तर एवढाच, की तिने माझ्यावर विश्वास ठेवला.’

मग तुझा कागद दिला. डॉक्टरीणबाईंनी तो मोठ्याने वाचला. तिसऱ्या परिच्छेदाशी थांबल्या, परत वाचला, आणि मला म्हणाल्या, ‘या तुमच्या कोण?’

‘आत्या.’

‘असं लिहून देणारी माणसं मला इथे फारशी भेटत नाहीत.’

आता निकाल. अबोलीवरचा ठपका पुसला. उपचार पूर्ण होईपर्यंत तिची नोकरी कायम, परत आल्यावर कपडे निवडण्याच्या टेबलावर काम. रोलरला हात अडवणारी पट्टी बसवायचा हुकूम झालाय. ती मशीनबरोबरच आली होती आणि कितीतरी वर्षं गोदामात धूळ खात पडली होती, असं साक्षीला बोलावलेल्या मेकॅनिकने भर सभेत सांगून टाकलं. साहेबांना त्याचा जबाब द्यायचाय. मला लेखी ताकीद, आणि यंदाच्या परीक्षेच्या यादीतून नाव कमी.

रडले मी, खोटं कशाला सांगू? घरी येऊन, बादलीत चादर पिळता पिळता. आई म्हणाली, ‘अगं, पुढच्या वर्षी परीक्षा बंद होणार आहे का?’ तेवढ्यावर रडणं थांबलं. पुढच्या वर्षी मी बसणार आहे, आत्या. त्याच्या पुढच्या वर्षीही बसावं लागलं तर बसेन. वह्या पाठवत राहीन. टोपण काढून तपास.

नवी पाटी लागलीय. तीन लहान वाक्यं, तीन ओळी, आणि त्यांत एकही टू नाही. भिंतीवर लावायच्या आधी आम्ही लॉन्ड्रीतल्या बाराही जणींना एकेक करून मशीनपुढे उभं केलं आणि म्हटलं, वाच आणि करून दाखव. नववीला दुसरी ओळ अडली. परत लिहिली.

अबोली सोमवारी कामावर येतेय. माझ्याशी अजून ती धड बोलत नाही, आणि मी तिला घाई करत नाही. पण तिच्या मुलीला मी जिन्यात गाठलं आणि विचारलं, तुमच्या भाषेत माफी कशी मागतात? सॉरी नाही, खरी माफी. तिने चार शब्द सांगितले. माझा उच्चार ऐकून ती आधी कठड्याला धरून हसली, मग मास्तरणीसारखी कमरेवर हात ठेवून तिने माझ्याकडून ते वीस वेळा घोकून घेतले. शब्दांचा क्रम बदलला तर म्हणे अर्थ उलटा होतो.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर म्हणणार आहे. क्रम चुकणार नाही.

मुंगी